कटला ईडी लागत नाही

कट, कट, कट.

आमच्या शाळेत आठवीच्या वर्गावरून जाताना हे कानावर पडलं की नवा माणूस थबकायचा. साठ पोरं एका सुरात 'कट, कट, कट' म्हणतायत आणि मागच्या बाकावरचा एखादा कडब्याची कुट्टी करणाऱ्या यंत्रासारखा हात फिरवतोय. फळ्याजवळ खंदारे सर. हात पाठीमागे, नजर खिडकीबाहेर. इंग्रजी क्रियापदांची तीन रूपं पाठ करून घ्यायची त्यांची ही रीत. 'गो, वेंट, गॉन'ला पोरं अडखळायची. 'कट'ला नाही.

"ह्या शब्दाचा सरळपणा बघा," सर म्हणायचे. "आज कापा, काल कापलेलं असू द्या, कापून ठेवलेलं असू द्या. शब्द तोच. त्याला ईडी लागत न्हाई. उगं लावू नका."

हल्ली ईडी म्हटलं की लोकांना वर्तमानपत्रातलं दुसरंच काही आठवतं आणि हसू येतं. मला येत नाही.

खंदारे सर यंदाच्या श्रावणात नांदेडला लेकीच्या घरी वारले. बालाजीनं फोन केला. बालाजी त्यांचा जुना विद्यार्थी, आता झरीला त्याचं खता-बियाण्याचं दुकान आहे. तो जन्मापासून अडखळत बोलतो, त्यामुळे 'सर गेले' हे दोन शब्द पुरे व्हायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात मला कळून चुकलं होतं. मी या शाळेचा मुख्याध्यापक. दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर सरांसाठी दोन मिनिटं मौन ठेवलं. ती दोन मिनिटंसुद्धा मी पुरी होऊ दिली नाहीत. नांदेडला गेलो नाही. येत्या उन्हाळ्यात मी निवृत्त होतोय, शाळेतले नवे शिक्षक आत्तापासूनच 'सर, तुमच्या भाषणाची तयारी करा' म्हणून थट्टा करतात. मी फार बोलणारा माणूस नाही. माझ्या गप्प राहण्याला लोक सभ्यपणा समजत आले. तो सभ्यपणा नव्हता.

गावाचं नाव लिहीत नाही. परभणीहून झरीच्या रस्त्याला लागलं की पुढे एक फाटा फुटतो, तिथलं गाव एवढं पुरे.

सर दिसायला शाळेतल्या इतर कुणापेक्षाही साधे. पांढरा शर्ट, खिशात लाल रिफिलचा पेन आणि खडूचे तीन तुकडे. नवा खडू हातात आला की ते आधी तो तिथंच मोडायचे. अखंड खडू फळ्यावर किंचाळतो, मोडलेला गप लिहितो, असं त्यांचं म्हणणं. राहायला पिंगळीला. रोज एका जुन्या लुनावर यायचे आणि ती लुना शाळेच्या फाटकापासून बंद करून हातानं आत ढकलत आणायचे, कारण पहिला तास चालू असला तर आवाजानं कुणाचं तरी वाक्य तुटेल.

वाक्य तुटणं. या एका गोष्टीबाबत त्यांच्यात वेड म्हणावं इतका हळवेपणा होता. स्टाफरूममध्ये सगळे एकदम बोलायचे, एकमेकांच्या तोंडातून शब्द ओढायचे. सर थांबून असायचे. समोरच्याचं संपलं, वर दोन क्षण गेले, की मग बोलायचे. पण स्टाफरूममध्ये दोन क्षणांची जागा कधी रिकामी राहत नाही. त्यामुळे बहुतेक वेळा त्यांचं बोलणं राहूनच जायचं. "खंदारे सर, तुमी काही म्हणायलेत का?" असं कुणी विचारलंच तर म्हणायचे, "म्हणायलो व्हतो. आता विषय पुढं गेला."

त्यांचं इंग्रजी शिकवणं शेतातून यायचं. नववीच्या पुस्तकात एका धड्यात 'कट शॉर्ट' आलं होतं. मी तेव्हा नवा होतो, आठवीच्या दुसऱ्या तुकडीला इंग्रजी शिकवायचो, आणि माझं इंग्रजी कच्चं होतं म्हणून रिकाम्या तासाला त्यांच्या वर्गात मागे जाऊन बसायचो. त्या एका शब्दावर त्यांनी आठवडा घालवला.

"आपल्याकडं कमी करायचं म्हणलं की एकच, कापा. इंग्रजाला तेवढ्यावर भागत न्हाई. तो इचारतो, कुठून कापलं? कशासाठी कापलं? आन् मागं काय ऱ्हायलं?"

मग एकेक. मोठ्या पुस्तकाचं छोटं करायचं पण त्याचा जीव तसाच ठेवायचा, ते अब्रिज. नावगावाचं 'मु. पो., ता., जि.' करायचं, ते अब्रीव्हिएट. बाभळीच्या फांद्या, शेंडा सगळं तोडून नुसतं खोड उभं ठेवायचं, ते ट्रंकेट. "आता सांगा, लाइट जाती ते काय?"

"कट सर."

"येती का न्हाई परत?"

"येती सर. कधीमधी."

"मंग ते इंटरप्ट. इंटरप्ट केलेलं पुन्हा सुरू व्हतं. आन् कट शॉर्ट केलेलं होत न्हाई. चालू व्हतं, अजून चालणार व्हतं, दुसऱ्यानं मधीच संपवलं. दोन्ही वेळेला आवाज सारखाच बंद व्हतो. फरक नंतर कळतो."

एक दिवस ते अख्खा वर्ग शाळेमागच्या तुरीत घेऊन गेले. तूर गुडघ्याच्या वर आली होती. सरांनी एका झाडाचा शेंडा नखानं खुडला. "हिला काय झालं?" पोरं म्हणाली, "मोडली सर." सर म्हणाले, महिन्यानं बघू. महिन्यानं त्याच झाडाला इतक्या फांद्या फुटल्या होत्या की पोरांना ते ओळखू येईना. "हे निप. आता गंमत बघा. इंग्रज म्हणतो निप इन द बड, म्हंजे कळीतच खुडलं, विषय खलास. आन् आपल्या आयाबाया शेंडा खुडतात ते फुटावं म्हणून. शब्द एकच, दोन माणसांचं पीक येगळं. भाषांतर करताना हे ध्यानात ठेवायचं. कुणी खुडलं, ते बघायचं."

आणि कर्टेल. त्या शब्दावर वर्ग सर्वांत जास्त हसला. "शेपूट कापलेल्या घोड्यावरून आलाय हा शब्द," सर म्हणाले. "पुढचं समदं जागेवर. घोडं चालतं, खातं, पितं. फक्त मागचं गेलेलं असतं."

मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, मंग कापलेल्या शेपटाचं काय करायचं?"

वर्ग फुटला. सरांनी हसू ओसरेपर्यंत वाट पाहिली, खिडकीकडे बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "चांगला सवाल हाय. पुस्तकात न्हाई. इचार करून सांगतो."

बालाजीची गोष्ट त्याच वर्षीची. दर शुक्रवारी प्रत्येकानं धड्यातला एक परिच्छेद उभं राहून वाचायचा, असा सरांचा नेम. बालाजीची पाळी आली की बाकीचे शिक्षक 'बस खाली' म्हणायचे, आणि त्यात दया आहे असं आम्हाला वाटायचं. सरांनी त्याला उभं केलं. सहा ओळी. पहिल्या ओळीवर पोरं खिदळली, दुसरीवर गप्प झाली. पाचव्या ओळीपर्यंत तास संपत आला. शाळेचे शिपाई शेख मामू घंटेकडे निघाले तर सर दारात आले आणि त्यांनी हात वर केला. मामू हातोडी घेऊन तसेच उभे. हेडसरांनी ऑफिसातून विचारलं, "काय मामू, घंटा का नाही?" मामू म्हणाले, "सर बोले, छोरा अब्बी वाक्य में हय."

त्या दिवशी आमच्या शाळेची घंटा सहा मिनिटं उशिरा झाली. पोरांनी हा किस्सा वर्षानुवर्षं सांगितला. मीही सांगितला, हसत, अनेक कार्यक्रमांत.

आता जे सांगायला बसलोय ते.

मी पस्तिशीचा होतो. आठ वर्षं या शाळेत राबत होतो, पण माझ्या नेमणुकीला सरकारी मान्यता आलेली नव्हती. मान्यता नाही म्हणजे मी कागदावर नव्हतोच. बायकोला दिवस गेले होते. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळा गाव भाऊ म्हणतो, त्यांनी दहावीच्या परीक्षेआधी मला घरी बोलावलं. चहा दिला. म्हणाले, "कदम, तुमची फाईल जिल्ह्याला पडून हाय. आपल्या सेंटरचा इंग्रजीचा निकाल चांगला लागला तर मला तिथं बोलायला तोंड ऱ्हाईल. काय म्हणतो मी, कळायलंय ना?"

कळत होतं. इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी प्रश्नपत्रिकेची एक प्रत प्रयोगशाळेत माझ्यापुढे आली. मी कार्बन घालून उत्तरं लिहून काढली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून सगळी मोठ्या लिपीत. वाक्यात उपयोग करायच्या प्रश्नात 'कट शॉर्ट' होतं. घाई होती. मी लिहिलं: द मीटिंग वॉज कटेड शॉर्ट.

तासाभरात भरारी पथक आलं. एका खोलीत खिडक्यांखाली, मोज्यांत, बाकांच्या फटीत माझे कागद सापडले. पोरांच्या उत्तरपत्रिकांतही तेच, एकाखाली एक, कटेड, कटेड, कटेड. त्या खोलीचे निकाल राखून ठेवले गेले.

ज्या विषयाचा पेपर, त्या विषयाच्या शिक्षकानं त्या दिवशी केंद्रावर थांबायचं नाही, असा नियम. मी तर कागदावर शिक्षकच नव्हतो. खंदारे सर तोंडी परीक्षेच्या गुणांचा तक्ता द्यायला दहा मिनिटांसाठी आले होते. पथक आलं तेव्हा व्हरांड्यात होते. शाळेत दहावीला इंग्रजी शिकवणारा माणूस एकच, आणि तो व्हरांड्यात. कुणाला पुढे काही शोधायची गरज वाटली नाही. भाऊंना तर नाहीच.

चौकशी ऑफिसात झाली. मी शेजारच्या खोलीत बसून होतो, मधलं दार उघडं होतं. चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "तुम्ही त्या वेळेला केंद्रावर होतात?"

"होतो, पण त्याचं असं झालं की—"

"हो की नाही तेवढंच सांगा."

"साहेब, त्या कागदातलं एक वाक्य जर आपण—"

"मास्तर, मला अजून तीन सेंटर बघायचेत. हो की नाही?"

मग सर म्हणाले, "हो."

सरांच्या सेवापुस्तकात लाल शाईनं नोंद झाली. माझी मान्यता पावसाळ्यात आली. मुलगी झाली होती, पेढे तिच्या नावानं वाटले.

शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. शेख मामूंनी चहा आणून ठेवला. सरांनी कप उचलला, नेहमीसारखे दोन क्षण थांबले. मी तर काही बोललोच नव्हतो, तरी थांबले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कदम सर, कटला ईडी लागत न्हाई."

चहा संपवला, खडू मोडला आणि वर्गावर गेले.

त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्या पाठाच्या टाचणात त्यांनी हीच चूक दोनदा लाल पेनानं दुरुस्त केली होती. चौकशीत जे वाक्य ते दाखवू पाहत होते, ते हेच. ज्या माणसानं वीस वर्षं 'कट, कट, कट' म्हणून घेतलं तो 'कटेड' लिहील का, एवढा साधा पुरावा होता. तो त्यांनी नंतरही अर्ज करून मांडला असता. मांडला नाही. का नाही, ते मी कधी विचारलं नाही. माझ्या बायकोच्या पोटाकडे बघून असेल. मला तसं समजून घेणं सोयीचं होतं.

त्याची किंमत त्यांच्या घरानं मोजली. सरांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. आठवडी बाजारात एकानं भाजी निवडता निवडता त्यांना म्हटलं, "सरांना म्हणावं, आमच्याबी पोराचा पेपर काढून द्या की." वहिनींनी हातातली मेथी तिथंच ठेवली आणि त्यानंतर त्या बाजारात गेल्या नाहीत, सर स्वतः जायचे. हे वहिनींनी माझ्या बायकोला सांगितलं होतं आणि शेवटी विचारलं होतं, "तुमच्या मालकांना काही ठावं आसंल का ओ? आमचे तर काहीच बोलत न्हाईत. मलाबी नीट सांगत न्हाईत, केलं का न्हाई केलं." बायकोनं मला विचारलं. मी म्हणालो, जुनी गोष्ट आहे, उकरू नको.

काही वर्षांनी जुने हेडसर निवृत्त झाले. सेवाज्येष्ठतेनं खुर्ची खंदारे सरांची होती. भाऊंनी मला बोलावलं. "खंदारेंच्या पुस्तकात लाल नोंद हाय, त्यामुळं प्रश्न न्हाई. आन् तसंबी कदम, हेडमास्तर आपल्यातला पाहिजे." सर पिंगळीच्या बौद्धवाड्यातले. आपल्यातला म्हणजे कुणातला, हे मी विचारलं नाही. मला उत्तर माहीत होतं आणि त्या उत्तरात मी बसत होतो. ज्या नोंदीच्या आधारे मला खुर्ची मिळाली ती माझ्याच हातानं लिहिल्यासारखी होती. सरांनी पहिलं अभिनंदन केलं. "सर" म्हणाले मला. त्याआधी 'कदम सर' म्हणायचे. त्या दिवसापासून नुसतं 'सर'.

मग सात वर्षांपूर्वी त्यांचा निरोप समारंभ.

मैदानावर मंडप, भाऊ अध्यक्षस्थानी, मी शेजारी. समोर पहिल्या रांगेत वहिनी आणि नांदेडहून आलेली लेक. मागे जुने विद्यार्थी, त्यांत बालाजी. शाल झाली, नारळ झाला, आम्ही एकेकानं भाषणं केली. मी तो सहा मिनिटांच्या घंटेचा किस्सा सांगितला आणि टाळ्या घेतल्या.

सर उठले. हातात तीन पानं होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणी मधे बोलणार नाही अशी जागा मिळाली होती. ते चांगले बोलत होते. तुरीचा शेंडा, घोड्याचं शेपूट, पोरं हसत होती, वहिनीही. दुसरं पान संपलं. त्यांनी तिसरं वर घेतलं, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "आता एकच गोष्ट ऱ्हायली. माझ्या घरच्यांसमोर आन् माझ्या विद्यार्थ्यांसमोर मला ती सांगून जायची हाय. त्या वर्षीच्या दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात..."

मी समोरच्या कार्यक्रमपत्रिकेचा कोपरा फाडला आणि त्यावर लिहिलं: 'सर, भाऊंना तातडीनं परभणीला जायचं आहे. कृपया आवरतं घ्या.' भाऊंना कुठंही जायचं नव्हतं. ते मोबाईल बघत होते. मी चिठ्ठी शेख मामूंच्या हातात दिली.

मामूंनी चिठ्ठीकडे बघितलं, सरांकडे बघितलं. हळूच म्हणाले, "अब्बी देने का सर?"

"द्या."

"वो वाक्य में हय."

"द्या म्हणलं ना मामू."

मामूंनी ती नेली. सरांनी वाक्य थांबवलं, चिठ्ठी उघडली. अक्षर माझं होतं, या वेळी मोठ्या लिपीत लपवलेलं नव्हतं. त्यांनी ती वाचली, घडी घातली, शर्टाच्या खिशात खडूंजवळ ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. माइकमध्ये म्हणाले, "वेळ झाली, असं मुख्याध्यापक साहेब कळवतात. धन्यवाद." आणि बसले. तिसरं पान त्यांनी पाण्याच्या ग्लासाखाली ठेवलं.

त्यानंतर भाऊ अर्धा तास बोलले.

लोक पोह्यांकडे गेले तेव्हा बालाजी मंचाजवळ आला. चेहरा लाल झालेला. "क... क... कदम सर," तो म्हणाला, "माझं वाक्य पुरं व्हईस्तोवर त्या माणसानं घ... घंटा थांबवली व्हती." एवढं बोलायला त्याला बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ मला त्याच्यासमोर उभं राहावं लागलं. मी काहीतरी पुटपुटलो, भाऊंची गाडी वगैरे. भाऊ त्याच्या मागेच पोहे खात होते.

ते पान मी उचललं. चार ओळी होत्या, मराठीत, त्यांच्या गोल अक्षरात. 'त्या पेपरात सापडलेले कागद मी लिहिलेले नाहीत. ते कोणी लिहिले हे मला माहीत आहे. त्याचं नाव मी घेणार नाही, घेण्याची गरजही नाही. माझ्या बायकोला, लेकीला आणि माझ्या विद्यार्थ्यांना एवढंच कळावं की मी नाही.' खाली जागा सोडून एक ओळ: 'आणि मी कधीही कटेड लिहिलेलं नाही.' त्या ओळीपुढे कंसात, स्वतःसाठी खूण: 'हसायला वेळ द्यावा.'

माझं नाव कुठंही नव्हतं. ज्याला भिऊन मी ते भाषण तोडलं ते त्यात नव्हतंच. पण हेही खरं की नाव नाही हे मला आधी कळलं असतं, तरी मी ती चिठ्ठी पाठवलीच असती. 'मी नाही' म्हटल्यावर लोकांनी विचारलं असतं, मग कोण.

पुढच्या पोळ्याच्या सुमारास कळलं की सर पिंगळीचं घर बंद करून कायमचे नांदेडला चाललेत. ते पान तोवर माझ्या कपाटात होतं. मी मोटारसायकल काढली आणि पिंगळी स्टेशनला गेलो. काय ठरवून गेलो होतो, ते आज नीट सांगता येत नाही. पान द्यावं आणि बोलून मोकळं व्हावं, असं काहीसं.

फलाटावर दहा-बारा माणसं. सरांनी मला बघून हात जोडले. वहिनींनी डब्यातला चिवडा पुढे केला, "घ्या की, मुलगी कशी हाय तुमची?" म्हणाल्या. मी चिवडा घेतला. तो मुठीत धरून उभा राहिलो. तेवढ्यात पॅसेंजर आली. सामान चढवायला मी हात लावला. वहिनी आत जाऊन खिडकीशी बसल्या, सर दारात उभे राहिले.

मी पान काढून पुढे धरलं. "सर, हे तुमचं राहिलं होतं. त्या दिवशी."

त्यांनी ते घेतलं नाही. कुठलं पान आहे ते बघितलं फक्त. मग त्यांच्या चेहऱ्यावर वर्गातल्यासारखं काहीतरी आलं, एखाद्या जुन्या प्रश्नाचं उत्तर सुचल्यासारखं.

"शेपूट हाय ते सर," ते म्हणाले. "ज्यानं कापलं त्याच्यापाशीच ऱ्हायचं असतं."

शिट्टी झाली. मी दाराच्या दांड्याला धरलं. खरंच बोलायला लागलो. "सर, तो कागद, म्हणजे त्या पेपरच्या दिवशी प्रयोगशाळेत मी—"

"पाय मागं घ्या," सर म्हणाले. "गाडी हलली."

इतक्या वर्षांत त्यांनी कुणाचं वाक्य मधे तोडलेलं मी ऐकलं नव्हतं. मी पाय मागे घेतला. गाडी खरंच हलली होती, पण पायी गाठता येईल इतकी हळू. सर आत वळले. वहिनींची खिडकी माझ्यासमोरून सरकायला लागली, आणि मला त्यांचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं.

"कदम सर काय म्हणत व्हते ओ?"

"काही न्हाई," खंदारे सर त्यांच्या शेजारी बसत म्हणाले. "नीट जावा म्हणत व्हते."

खिडकी हाताच्या अंतरावर होती. वहिनींनी माझ्याकडे बघून मान हलवली, निरोपाची. मी आठ-दहा पावलं गाडीबरोबर चाललो आणि थांबलो. फलाट अजून पुष्कळ शिल्लक होता.